सुटे भाग मिळेनात तेव्हा ग्राहकाचं काय होतं, आणि शेअरधारकाचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्या ताईंनी एका नावाजलेल्या कंपनीचे ४० डेस्कटॉप मागवले. कोटेशन १६ जीबी रॅमचं होतं. आता पुरवठादार म्हणतो, त्या भावात माल येत नाही. भाव वाढवून द्या, नाहीतर ८ जीबी घ्या, नाहीतर थांबा. दुसरीकडे त्यांच्या भावाने मोबाईलवरच्या ॲपमधून त्याच कंपनीचे अमेरिकेतले शेअर घेतलेत, आणि कंपनी निकालात सांगते की मागणी जोरात आहे, फक्त सुटे भाग कमी पडताहेत. ताई विचारतात: "भावासाठी चांगली असलेली बातमी माझ्यासाठी वाईट कशी? आणि मी आता नेमकं काय करू?"

ताई, मी बरीच वर्षं कॉम्प्युटर कंपन्यांच्या खरेदी-पुरवठ्यात काढली आणि आता सोलापुरात शाळा, सहकारी बँका, कारखान्यांना मशीन पुरवतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद रोज हाताखालून जातात. माझं म्हणणं आधीच सांगतो. तुमच्या भावासाठीही ही बातमी वाटते तेवढी चांगली नाही. कंपनी टंचाईचा भार कुणाच्या डोक्यावर टाकते आहे, हे तुमच्यासारख्या ग्राहकाला आधी कळतं, शेअरधारकाला तीन महिन्यांनी. म्हणून भावाने तुमचा अनुभव नीट ऐकावा.

आत्ताची टंचाई मुख्यतः मेमरीची आहे आणि ती का आली हे कळलं तर ती लवकर जाणार नाही हेही कळेल. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे कॉम्प्युटरच्या रॅममधली मेमरी चिप, तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. २०२३ मध्ये मेमरीचे भाव इतके कोसळले की तिघींनाही या धंद्यात मोठा तोटा झाला. एकट्या मायक्रॉनचा त्या आर्थिक वर्षातला निव्वळ तोटा ५.८ अब्ज डॉलर होता. तोट्यात असलेली कंपनी नवी क्षमता उभारत नाही. तिघींनी उत्पादन घटवलं, नव्या यंत्रसामग्रीवरचा खर्च कापला. तेवढ्यात एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या एचबीएम मेमरीची मागणी उसळली. एचबीएम म्हणजे डीरॅमच्या चिप एकावर एक रचून केलेली मेमरी. मायक्रॉनच्याच सांगण्यानुसार तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर५ पेक्षा, म्हणजे नव्या कॉम्प्युटरमधल्या साध्या रॅमपेक्षा, तिला सुमारे तिप्पट वेफर (ज्यावर चिप तयार होतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) लागतात. कारखाना तोच, वेफर तेवढेच. एचबीएमकडे वळवलेलं प्रत्येक वेफर साध्या रॅमच्या वाट्यातून जातं. त्यात २०२५ मध्ये जुन्या डीडीआर४ चं उत्पादन आवरतं घ्यायला सुरुवात झाली, म्हणून तुमच्या लॅबमधल्या जुन्या मशीनची रॅमही महागली. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशल हा दुकानातून विकला जाणारा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. किरकोळ ग्राहकापेक्षा मोठे ग्राहक महत्त्वाचे, असा त्याचा सरळ अर्थ.

गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा कारखाना आलाय, मग आपल्याकडे रॅम स्वस्त का नाही, असं मला बरेच जण विचारतात. तिथे चिपची जुळणी, पॅकिंग आणि चाचणी होते. वेफर बाहेरूनच येतं, आणि तुटवडा वेफरचा आहे. वेफरचा नवा कारखाना उभा राहून पूर्ण उत्पादनाला लागायला काही वर्षं जातात.

आता कंपनीच्या हिशेबाकडे येऊ. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीचा नफा लोकांना वाटतो त्याच्यापेक्षा फार पातळ असतो. एचपी आपल्या पीसी विभागासाठी ५ ते ७ टक्के कार्यकारी नफ्याचं (धंद्याचा खर्च वजा जाता उरणाऱ्या नफ्याचं) लक्ष्य सांगत आली आहे. समजा ४०,००० रुपयांच्या डेस्कटॉपवर ६ टक्के, म्हणजे २,४०० रुपये कंपनीला सुटतात. त्यातली रॅम ४,००० ची होती ती ७,००० ला गेली. वाढ ३,००० ची, नफा २,४०० चा. बाकी प्रोसेसर, मदरबोर्ड, कॅबिनेट, पॉवर सप्लाय काहीही न बदलता ते मशीन तोट्यात गेलं. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण प्रमाण खरं आहे. सोलापुरात टॉवेलचा कारखाना असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. निर्यातीची ऑर्डर आधीच्या भावात घेतलेली असते आणि मध्येच सूत चढतं, तेव्हा ज्याने सूत आधी बुक केलं तो तरतो, बाकीचे एकतर घरातून पैसे घालतात नाहीतर ग्राहकाला फोन करतात.

तुम्हाला तोच फोन आलाय.

कंपनीपुढे अशा वेळी मोजकेच रस्ते असतात. भाव वाढवायचा. तोच भाव ठेवून आत कमी द्यायचं. मिळालेला तुटपुंजा माल महागड्या मॉडेलकडे वळवायचा. किंवा स्वतः तोटा सोसायचा. पहिले तीन रस्ते ग्राहकाच्या खिशातून जातात, चौथा शेअरधारकाच्या. प्रत्यक्षात यांची मिसळ होते, पण तिसरा रस्ता फार वापरला जातो आणि तो बाहेरून दिसत नाही. एक लाखाच्या लॅपटॉपलाही मेमरी लागते आणि ४०,००० च्या डेस्कटॉपलाही. मेमरी कमी असेल तर ती कुठे घालायची याचा निर्णय खरेदी विभाग काही मिनिटांत करतो. परिणाम असा की शाळा-कॉलेजांची स्वस्त मॉडेलं यादीत असतात, मिळत मात्र नाहीत. निकालात मात्र 'सरासरी विक्री किंमत वाढली' असं छान वाक्य येतं, मशीन कमी विकली गेली तरी महसूल टिकतो आणि शेअर वर जातो. म्हणजे तुमची अडचण हाच तुमच्या भावाच्या नफ्याचा एक भाग असतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे.

पण हा नफा ग्राहकाला दुसरीकडे जाता येत नाही तोवरच टिकतो. याचं मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटणारं उदाहरण ॲपलचं आहे, १९९९ चं. त्या वर्षी ३१ ऑगस्टला स्टीव्ह जॉब्झ यांनी पॉवर मॅक जी४ हा कॉम्प्युटर जाहीर केला: ४००, ४५० आणि ५०० मेगाहर्ट्झ, किमती १,५९९, २,४९९ आणि ३,४९९ डॉलर. चिप मोटोरोलाची होती आणि ५०० मेगाहर्ट्झला नीट चालणाऱ्या चिप पुरेशा निघेनात. सप्टेंबरमध्येच ॲपलला नफा अपेक्षेपेक्षा कमी येईल असा इशारा द्यावा लागला. दुसऱ्याच दिवशी, २१ सप्टेंबरला, तैवानमध्ये मोठा भूकंप झाला आणि मेमरीसह इतर भागांची चिंता वाढली. मग ऑक्टोबरमध्ये ॲपलने काय केलं, तर तिन्ही मॉडेलचा वेग ५० मेगाहर्ट्झने उतरवला आणि किमती तशाच ठेवल्या. आधी दिलेल्या, अजून न पोचलेल्या ऑर्डर रद्द केल्या, म्हणजे त्या ग्राहकांनी नव्याने, त्याच पैशात कमी वेगाचं मशीन मागवायचं. ग्राहक प्रचंड संतापले. काही दिवसांतच कंपनीने तो निर्णय मागे घेतला आणि जुन्या ऑर्डर जुन्या अटींवर पुऱ्या करायचं कबूल केलं.

हिशेबाच्या वहीत बघितलं तर ऑर्डर रद्द करणं बिनचूक होतं, कारण मार्जिन वाचत होतं. पण ॲपल तेव्हा नुकतीच दिवाळखोरीच्या काठावरून परतली होती आणि तिच्याकडे टिकून राहिलेले ग्राहक हीच तिची खरी मालमत्ता होती. त्या ग्राहकांचा विश्वास एका तिमाहीच्या मार्जिनसाठी खर्च करणं शेअरधारकांच्याही हिताचं नव्हतं. हे ॲपलला काही दिवसांतच कळलं म्हणून निभावलं. तुमच्या पुरवठादाराने किंवा त्याच्यामागच्या कंपनीने घेतलेली ऑर्डर जुन्या अटींवर पाळली की मोडली, ही तुमच्या भावासाठी पहिली खूण आहे.

दुसरं उदाहरण थायलंडच्या पुराचं, कारण त्यात साखळीतल्या प्रत्येकाचं वेगळं झालं. ऑक्टोबर २०११ मध्ये बँकॉकच्या उत्तरेकडचे औद्योगिक पट्टे पाण्याखाली गेले. जगातल्या सुमारे ४० टक्के हार्ड डिस्क तेव्हा थायलंडमध्ये बनत. वेस्टर्न डिजिटलचा बांग पा-इनचा कारखाना बुडाला, डिस्कच्या मोटर बनवणाऱ्या निडेकचेही कारखाने बुडाले. भाव काही आठवड्यांत दुपटीच्या आसपास गेले. सोलापुरातसुद्धा ५०० जीबीची डिस्क सकाळी एका भावाने आणि संध्याकाळी दुसऱ्या भावाने विकली जात होती. आता गंमत बघा, इंटेल हार्ड डिस्क बनवत नाही. तरी डिसेंबर २०११ मध्ये इंटेलने त्या तिमाहीच्या महसुलाचा अंदाज १४.७ अब्ज डॉलरवरून १३.७ अब्जांवर आणला. डिस्क नाही म्हणून कॉम्प्युटर जुळत नाही, आणि कॉम्प्युटर जुळत नाही म्हणून प्रोसेसरची खरेदी थांबते. एक भाग अडला की उरलेले सगळे भाग साठा होऊन पडतात.

आणि हार्ड डिस्कच बनवणारी सीगेट? तिचे स्वतःचे कारखाने बुडाले नव्हते. जानेवारी ते मार्च २०१२ या तिमाहीत तिचा निव्वळ नफा १.१ अब्ज डॉलरच्या वर गेला; त्याच्या एक वर्ष आधी याच तिमाहीत तो ९ कोटी डॉलरच्या आसपास होता. टंचाईचा मलिदा बहुतेक वेळा ज्याच्याकडे तो अडलेला भाग आहे त्याला मिळतो, जुळणी करणाऱ्याला नाही. भावाने हे पक्कं लक्षात ठेवावं. कॉम्प्युटर कंपनी 'मागणी जोरात' म्हणते तेव्हा त्या मागणीचा फायदा तिच्या पुरवठादाराकडे वाहत असतो. अर्थात म्हणून आज मेमरी कंपनीचे शेअर घ्यावेत असं मी म्हणत नाही. वर २०२३ चा तोटा सांगितला तो याच कंपन्यांचा आहे. या धंद्यात तेजीत उभारलेली क्षमता मंदीत गळ्यात येते.

त्या पुरात ग्राहकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे फार थोड्यांनी लक्ष दिलं. २०११ संपता संपता सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल, दोघांनीही कित्येक डिस्कची वॉरंटी कमी केली. वेस्टर्न डिजिटलच्या काही नेहमीच्या मॉडेलची तीन वर्षांची दोन वर्षं झाली, सीगेटच्या काहींची तर एक वर्षावर आली. भाव वाढलेला सगळ्यांना दिसला, वॉरंटी उतरलेली डिस्क बंद पडल्यावर दिसली. म्हणून टंचाईच्या काळात नवं कोटेशन आलं की मी आधी वॉरंटीची ओळ वाचतो, मग आकडा. तुम्हीही तसंच करा. आधीच्या कोटेशनमध्ये तीन वर्षं ऑनसाइट (दुरुस्तीला माणूस तुमच्याकडे येतो) असेल आणि नव्यात एक वर्ष कॅरी-इन (मशीन तुम्हीच न्यायचं) असेल, तर चिंचोळीच्या किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला कारखाना एखादं मशीन उचलून सर्व्हिस सेंटरला नेईलही. चाळीस मशीनची लॅब, तीही प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यात, ते करू शकत नाही.

सगळ्याच कंपन्या लपवाछपवी करतात असंही नाही. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या कंपनीने ऑक्टोबर २०२१ मध्ये पहिल्यांदाच भाव वाढवला: २ जीबीचं मॉडेल ३५ वरून ४५ डॉलर. पण सोबत १ जीबीचं मॉडेल ३५ डॉलरला परत आणलं आणि कारण स्पष्ट शब्दांत सांगितलं. पुढच्या तुटवड्यात, ज्यांचा धंदा या बोर्डवर चालतो अशा कंपन्यांना आधी माल देत आहोत, हेही त्यांनी उघड सांगितलं. घरगुती शौकिनांना ते आवडलं नाही, पण रांगेत आपण कुठे उभे आहोत हे त्यांना माहीत होतं. माझ्या मते ग्राहकाला तेवढा हक्क नक्कीच आहे.

रांगेचं सांगायलाच हवं, कारण सोलापूर त्या रांगेच्या शेवटाला आहे. मेमरी कंपनी आधी मोठ्या डेटा सेंटरना माल देते, मग ज्यांच्याशी वर्षभराचे करार आहेत अशा बड्या कॉम्प्युटर कंपन्यांना. कॉम्प्युटर कंपनी त्यातून आधी मोठ्या कॉर्पोरेट ऑर्डर पुऱ्या करते. उरलेलं देशातल्या डिस्ट्रिब्युटरकडे, तिथून पुण्याच्या शाखेत, आणि पुण्यातून नव्या पेठेतल्या किंवा सात रस्त्याच्या डीलरकडे. टंचाईत डिस्ट्रिब्युटर डीलरची उधारी बंद करतो, 'पैसे आधी टाका, मग अलोकेशन (तुमच्या वाट्याचा माल) बघू' म्हणतो. तुमच्या पुरवठादाराने तुम्हाला जुना भाव दिला तेव्हा त्याच्या हातात माल नव्हता. पुण्याहून मिळालेल्या तोंडी भावावर त्याने कागद दिला होता. त्याचा नफा मशीनमागे काही शे रुपये असतो. तीन हजारांचा फरक तो स्वतः सोसू शकत नाही, सोसायला लावलात तर तो ऑर्डर सोडून देईल. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. पण त्याला विनाअट मोकळंही सोडू नका. त्याबद्दल शेवटी सांगतो.

आता तुमच्या भावाच्या बाजूचं जरा सविस्तर, कारण 'मागणी आहे, माल नाही' हे वाक्य शेअर बाजाराला फार आवडतं आणि ते दोन अगदी वेगळ्या गोष्टी झाकतं.

पहिली: विक्री पुढे ढकलली गेली की हातची गेली? ऑक्टोबर २०२१ मध्ये ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी सांगितलं की पुरवठा अपुरा पडल्यामुळे त्या तिमाहीत सुमारे ६ अब्ज डॉलरची विक्री हुकली. पुढच्याच तिमाहीत ॲपलचा महसूल १२३.९ अब्ज डॉलर, म्हणजे तोवरचा विक्रम झाला. आयफोन हवा असलेला माणूस थांबला. पण त्याच तिमाहीत आयपॅडची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत १४ टक्के घटली होती, कारण पुरवठा सगळीकडे सारखा पोचत नव्हता. म्हणजे एकाच कंपनीतही उत्तर उत्पादनागणिक बदलतं. आता इंटेल बघा. २०१८-१९ मध्ये १४ नॅनोमीटरच्या प्रोसेसरचा तुटवडा इतका लांबला की नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने ग्राहकांची लेखी माफी मागितली, आणि डेलने इंटेलच्या तुटवड्याचं कारण देऊन आपला वार्षिक महसुलाचा अंदाज खाली आणला. त्या काळात कॉम्प्युटर कंपन्यांनी इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीच्या प्रोसेसरची मॉडेलं वाढवली. ती नंतरही यादीत राहिली. ते ग्राहक टंचाई संपल्यावर आपोआप परत आले नाहीत. तेव्हा प्रश्न असा विचारावा: या कंपनीचा ग्राहक थांबेल का? विंडोजचा डेस्कटॉप चार कंपन्या सारखाच देतात. ताई, तुम्ही स्वतःच सांगा, तुम्ही सहा महिने थांबाल की दुसऱ्या ब्रँडचं कोटेशन मागवाल? तुमचं उत्तर हाच तुमच्या भावाचा डेटा.

दुसरी गोष्ट: ती मागणी खरी किती? टंचाई जाहीर झाली की प्रत्येक डीलर लागतात त्याच्या दुप्पट नग मागवतो, कारण निम्मेच मिळणार हे त्याला माहीत असतं. एकच कॉलेज तीन पुरवठादारांकडे चाळीस-चाळीस मशीनची चौकशी करतं. वरून बघणाऱ्याला एकशे वीस मशीनची मागणी दिसते. माल मोकळा होताच ऐंशी नगांच्या ऑर्डर नाहीशा होतात. याची किंमत नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोने २००१ मध्ये मोजली. तेजीत भागांचा तुटवडा होता म्हणून तिने पुरवठादारांशी मोठमोठ्या खरेदीच्या बांधिलक्या केल्या, मागणी अचानक आटली, आणि २.२ अब्ज डॉलरचा साठा निर्लेखित करावा, म्हणजे तोटा म्हणून लिहून टाकावा लागला. शिल्लक ऑर्डरचा मोठा आकडा दिसला की मी आधी शोधतो की त्यातल्या किती ऑर्डरवर आगाऊ पैसे घेतलेत आणि किती रद्द करता येतात.

म्हणून तिमाही अहवालात महसुलाच्या ओळीपेक्षा मला तीन-चार कोपऱ्यांतल्या गोष्टी जास्त सांगून जातात. साठा वाढला असेल तर कोणता? कच्चा माल वाढला असेल तर कदाचित कंपनीने शहाणपणाने मेमरी आधी घेऊन ठेवली. अर्धवट जुळलेली मशीन वाढली असतील तर एका भागापायी बाकी सगळ्यात पैसा अडकलाय. तयार माल वाढला असेल तर 'माल नाही' या वाक्यावरच शंका घ्यायला हवी. मग खरेदीच्या बांधिलक्यांची टीप: किती रकमेच्या, किती काळाच्या. ॲपलने नोव्हेंबर २००५ मध्ये हायनिक्स, इंटेल, मायक्रॉन, सॅमसंग आणि तोशिबा यांना मिळून १.२५ अब्ज डॉलर आगाऊ देऊन २०१० पर्यंतची फ्लॅश मेमरी पक्की केली होती. आयपॉड नॅनो तेव्हा नुकताच बाजारात आला होता आणि प्रतिस्पर्ध्यांना तेवढी फ्लॅश त्या भावात मिळवणं जड गेलं. पण तेवढा पैसा हातात असलेल्या कंपन्या थोड्या. बाकीच्यांची गत उलटी होते. डेलच्या जुन्या पद्धतीत ग्राहकाचे पैसे आधी यायचे आणि पुरवठादाराला नंतर जायचे, त्यामुळे धंदा जवळपास दुसऱ्यांच्या पैशावर फिरायचा. टंचाईत पुरवठादार आधी पैसे मागतो आणि हे चाक उलटं फिरतं. नफा दिसतो, रोख आटते. म्हणून भावाने नफ्याच्या शेजारी कार्यकारी रोख प्रवाह, म्हणजे धंद्यातून प्रत्यक्ष हातात आलेली रोख, ठेवून बघावा. दोन-तीन तिमाह्या नफा वर आणि रोख खाली असेल तर कारण कळल्याशिवाय आणखी शेअर घेऊ नयेत. विकावेत की ठेवावेत हे मी त्यांचे बाकीचे पैसे कुठे आहेत हे माहीत नसताना सांगणार नाही.

आणि आता तुमचे चाळीस डेस्कटॉप. 'थांबा' हा पर्याय मी काढून टाकतो. ३१ मार्चच्या आत खर्च न झालेला निधी परत जात असेल तर तो पर्यायच नाही, आणि मेमरी काही महिन्यांत जुन्या भावाला येईल असं मानायला वर सांगितलेल्या कारणांमुळे आधार नाही.

भाववाढ पूर्ण मान्य करायचीही गरज नाही. लॅबमध्ये काय चालतं ते बघा. एमएस-सीआयटी, टॅली, पायथनची सुरुवात, ऑफिसची कामं यांना ८ जीबी चालतं. अँड्रॉइड स्टुडिओ किंवा व्हर्च्युअल मशीन चालवायची असतील तर १६ जीबी हवंच. बहुतेक कॉलेजांत असं काम एका बॅचला असतं. दहा-बारा मशीन १६ जीबीची घ्या, बाकी ८ जीबीची. मात्र ८ जीबीच्या मशीनसाठी दोन अटी सोडू नका. मदरबोर्डवर रॅमचे दोन स्लॉट हवेत आणि ८ जीबीची एकच स्टिक लावलेली हवी, म्हणजे दुसरा स्लॉट रिकामा राहील. ४ अधिक ४ लावून दिलं तर पुढे वाढवताना दोन्ही स्टिक काढून ठेवाव्या लागतील. रॅम बोर्डवरच सोल्डर केलेलं छोटं मॉडेल पर्याय म्हणून पुढे केलं तर सरळ नाही म्हणा. पुढे तुम्ही रॅम वाढवली तर वॉरंटी जाणार नाही हे कंपनीच्या लेटरहेडवर घ्या.

कॉलेजला जीएसटीचा परतावा मिळत नाही हे कॉलेजच्या खरेदी समितीपुढे मांडा. जीएसटी वळता करून घेणाऱ्या खरेदीदार कंपनीला ३,००० ची वाढ ३,००० चीच पडते. तुम्हाला १८ टक्के धरून ३,५४० पडते. चाळीस मशीनवर फरक १,४१,६०० रुपये होतो. या आकड्याशिवाय चर्चा भावनेवर जाते.

माल आल्यावर सिरीअल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटीची तारीख तपासा आणि डिस्क किती तास चालली आहे हे एखाद्या साध्या मोफत प्रोग्रॅमने बघा. नव्या डिस्कवर शेकडो तास दिसले तर ती वापरलेली आहे. टंचाईत जुना माल नव्याच्या खोक्यात येण्याचं प्रमाण वाढतं. चाळीसही मशीन तपासा, नमुना म्हणून पाच नको.

पुरवठादाराला नवी पर्चेस ऑर्डर देताना जुनी रद्द करून टाका, नाहीतर भाव कोणता यावर ऑडिटमध्ये वाद होतो. नव्या ऑर्डरमध्ये 'किंवा समतुल्य' हे शब्द काढा आणि मॉडेलचा पूर्ण पार्ट नंबर लिहा. आगाऊ रक्कम एकदम देऊ नका; पुण्याच्या डिस्ट्रिब्युटरने त्याच्या नावे माल राखून ठेवल्याचा कागद दाखवला की थोडी, बाकी माल तपासल्यावर. आणि भाववाढ द्यायचीच असेल तर ती फक्त रॅमच्या फरकाची द्या, त्याच्या आधीच्या आणि आताच्या खरेदी बिलांच्या प्रती बघून, आणि डिलिव्हरीची तारीख व उशीर झाल्यास दर आठवड्याची कपात त्याच कागदावर त्याच्या सही-शिक्क्यासह घेऊन.